जखमी पाहिजे

जेवताना पेपर वाचणाऱ्या माणसाने लेकीच्या बोलण्याला उत्तरं देऊ नयेत. एक तर वाचावं, नाहीतर बोलावं. जपूनरावांनी दोन्ही एकदम केलं आणि पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं.

"बाबा, पथकाला एक जखमी पाहिजे," बिट्टी म्हणाली.

"मिळेल की," जपूनराव पेपरामागून म्हणाले. "उद्या कोपऱ्यावरच्या दुकानात बघू."

"दुकानात नसतो रे तो. माणूस लागतो. मोठा, पूर्ण वाढ झालेला. तू येशील?"

"हो हो," जपूनराव म्हणाले. त्याच वेळी पेपरात कुठल्याशा पुलाचा कठडा कोसळल्याची बातमी होती आणि त्या पुलावरून आपलं कधी जाणं-येणं होतं का, हे ते मनातल्या मनात तपासत होते. पेपर खाली आला तेव्हा बिट्टी टाळ्या वाजवत होती आणि बायको हातातली पळी तशीच धरून त्यांच्याकडे बघत होती.

"अहो, कशाला हो म्हणालात ते कळलं का?" तिने विचारलं.

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव ऑफिसच्या हजेरीपटावर आहे आणि ते तिथेच सुखरूप आहे. पण माणूस उठल्यापासून झोपेपर्यंत 'जपून' म्हणत असेल तर लोकांनी तरी त्याला दुसरं काय म्हणायचं? जिना उतरणाऱ्याला जपून, चहा पिणाऱ्याला जपून, शिंक येणाऱ्यालासुद्धा जपून. बिट्टी बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द ना आई होता, ना बाबा. अर्थात यात त्या बिचाऱ्याचा दोष तरी किती? नोकरी विमा कंपनीत, तीही अपघातांच्या दाव्यांच्या टेबलावर. दिवसभर वाचायचं काय, तर माणसं कशी कशी जायबंदी होतात त्याच्या हकिगती. साबणावरून घसरलेले, खुर्ची मोडून पडलेले, स्वतःच्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकताना मान लचकलेले. आणि शिडी. निम्म्याहून जास्त हकिगती 'मी शिडीवर चढलो असताना' इथूनच सुरू होत. त्यामुळे जपूनरावांच्या घरात शिडी नव्हती. दिवा गेला की वायरमन स्वतःची शिडी घेऊन येई, आणि तो वर असेपर्यंत जपूनराव आतल्या खोलीत जाऊन बसत.

तर त्या पथकाबद्दल. बिट्टीच्या शाळेत मुलींचं गणवेशाचं पथक होतं. गळ्यात स्कार्फ, कमरेला पट्टा, खांद्याला शिट्टीची दोरी. शिस्त, सेवा आणि सोबत, असं त्यांच्या फलकावर लिहिलेलं होतं. त्यातली शिस्त जपूनरावांना पसंत होती, सेवेत त्यांना धोका दिसे आणि सोबतीचा त्यांनी विचार केलेला नव्हता. पथकात चार तुकड्या होत्या : वाघ, गरुड, हरीण आणि बिट्टीची खार. दरवर्षी त्यांची स्पर्धा व्हायची. जखमीला पट्ट्या बांधायच्या आणि सुरक्षित जागी न्यायचं. गेल्या वर्षी प्रत्येक तुकडीने आपल्यातली सगळ्यात किरकोळ मुलगी जखमी केली. वाघांनी तर कोणाचा तरी बालवाडीतला भाऊ आणला आणि त्याला काखेत मारून धूम ठोकली. परीक्षक म्हणाले, खरे अपघात इतके हलके नसतात. म्हणून यंदा नवीन नियम आला. जखमी मोठा माणूस असला पाहिजे, पालक नाहीतर नातेवाईक, आणि त्याने शेवटपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जपूनरावांनी अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला.

"बिट्टे, कोणाचा तरी काका का नाही बघत तुम्ही?"

"सगळे काका बाकीच्या तुकड्यांनी आधीच घेतले. बाबा, तू घाबरतोस का?"

"मी? छे. वेळ नाही, एवढंच."

हेच उत्तर ते गेलं वर्षभर आपल्या उजव्या दाढेबद्दल देत होते. दाढ ठणकत होती, जेवण डाव्या बाजूने चाललं होतं, दातांच्या डॉक्टरची पाटी दिसली की जपूनराव रस्ता ओलांडून पलीकडे जात. ओलांडताना अर्थात दोन्हीकडे बघून. बायकोने विचारलं की वेळ नाही.

बिट्टीने बुटाच्या नाड्या बांधल्या. मग म्हणाली, "खार दोन वर्षं शेवटची आली. यंदाही शेवटची आली तर बाई तुकडी मोडणार आहेत. आम्हाला एकेकीला वेगवेगळीकडे टाकणार."

जपूनरावांना भीती वाटली. तशी त्यांना भीती वाटतच असे, पण ही निराळी होती. पथकात जायच्या आधीची बिट्टी त्यांनी एकदा पाहिली होती. ती छत्री विसरली म्हणून ते मधल्या सुट्टीत शाळेत गेले होते. सगळं मैदान पोरींनी गजबजलेलं, आणि आपली बिट्टी पाण्याच्या नळांजवळच्या बाकावर एकटी डबा खात बसलेली. ते फाटकातूनच परत फिरले, छत्री शिपायाकडे दिली आणि हे कोणालाच सांगितलं नाही. पुढे स्कार्फ आला, खार तुकडी आली, आणि आता रोज सकाळी घराखाली चार पोरी 'बिट्टेऽऽ' म्हणून इतक्या जोरात ओरडत की अख्खी इमारत जागी होई. जपूनरावांना शिडीची भीती होती, विजेची होती, कुत्र्याची होती. पण त्या बाकाची सगळ्यात जास्त होती.

"येतो," ते म्हणाले. "पण जपून."

ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावर एक निवृत्त स्टेशनमास्तर राहत. नोकरीत त्यांनी हिरवं निशाण दाखवल्याशिवाय गाडी हलत नसे, त्यामुळे इमारतीतही आपल्या सल्ल्याशिवाय काही हलू नये असं त्यांना वाटे.

"जखमी होणं वाटतं तितकं सोपं नाही," ते जिन्यात वाट अडवून म्हणाले. "अंग सैल सोडायचं. पोत्यासारखं. घट्ट धरलंत की मोडतं."

"काय मोडतं?"

"काय वाटेल ते."

"मग तुम्हीच का नाही येत? अनुभव आहे तुम्हाला."

"आलो असतो हो, पण हा गुडघा. मी बघायला येईन," स्टेशनमास्तरांनी दिलासा दिला.

रविवारी खार तुकडी सरावाला घरी आली. बिट्टी तुकडीची नायिका. तिच्याखेरीज सगळ्यांपेक्षा हातभर उंच असलेली लांबुडी, पथकाचं पुस्तक पाठ असलेली चष्मिस, आणि कोण कोणती हे त्यांच्या आईलाही सांगता न येणाऱ्या जुळ्या. त्यांनी जपूनरावांना बैठकीच्या खोलीत जमिनीवर आडवं केलं आणि ते तिथे नसल्यासारखी चर्चा सुरू केली.

"उजवा पाय मोडू या."

"दोन्ही हातपण."

"आणि जबडा," चष्मिस म्हणाली.

"जबडा कशाला?" जमिनीवरून प्रश्न आला.

"त्याला गुण जास्त आहेत, काका."

जबडा मोडला म्हणजे हनुवटीखालून त्रिकोणी पट्टी घेतात आणि डोक्यावरून फिरवून बाजूला गाठ मारतात. ही गाठ बरोबर त्या उजव्या दाढेवर आली. लांबुडीने ती आवळली तेव्हा जपूनरावांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि घशातून असा आवाज निघाला की स्वयंपाकघरातून बायको धावत आली.

"जखमी कण्हत असल्यास त्यास धीर द्यावा," चष्मिसने पुस्तकातलं म्हणून दाखवलं.

लगेच पाचही जणी वाकल्या आणि हजेरी दिल्यासारख्या एका सुरात म्हणाल्या, "घाबरू नका, आम्ही आहोत." त्यांच्यातल्या एकीनेही जपूनरावांकडे बघितलं नाही. प्रत्येकीचं लक्ष आपापल्या गाठीत होतं.

मग दोन काठ्या आल्या, त्यांत जपूनरावांचे दोन चांगले कोट ओवले गेले आणि स्ट्रेचर तयार झालं. त्यावर त्यांना जिन्याच्या तोंडापर्यंत नेऊन परत आणण्यात आलं. नेमका त्याच वेळी इस्त्रीवाला कपडे घेऊन वर येत होता. त्याने एकदा स्ट्रेचरकडे बघितलं, एकदा बांधलेल्या तोंडाकडे बघितलं आणि कपड्यांसकट आल्या पावली खाली पळाला.

सराव संपला तरी पट्ट्या सोडल्या नाहीत. त्या सैल पडतात का ते बघायचं होतं. "हलू नकोस, बाबा. आम्ही मैदानावर जाऊन येतो," असं सांगून बिट्टी गेली. बायको भाजी आणायला गेली. दार उघडंच राहिलं. आणि इस्त्रीवाल्याच्या तोंडून बातमी ऐकलेली माणसं यायला लागली.

शेजारच्या काकू आल्या, त्यांच्या मागून शिंपी आला, वरच्या मजल्यावरचं नवीन जोडपं आलं. सगळ्यांनी जपूनरावांच्या भोवती कोंडाळं केलं.

"कसं झालं हो हे?"

"म्म्म," जपूनराव म्हणाले.

"बोलतासुद्धा येत नाही बिचाऱ्याला," काकूंनी पदर तोंडाला लावला. "माझ्या आतेभावाचं असंच झालं होतं. कितीतरी महिने नळीने पाणी पीत होता. पुढे जबडा जुळला, पण वाकडा. आता हसला तरी रडल्यासारखा दिसतो."

शिंप्याने कोटांची अवस्था बघून हळहळ व्यक्त केली. नव्या जोडप्याने फळं आणली होती; ती जपूनरावांच्या छातीवर ठेवली, कारण हात बांधलेले होते. शेवटी स्टेशनमास्तर आले, त्यांनी नखशिखांत पाहणी केली आणि म्हणाले, "तरी मी म्हटलं होतं, सैल सोडा."

सोमवारी जपूनराव ऑफिसात शिरले तेव्हा बातमी त्यांच्या आधीच पोचली होती, आणि त्यांना धडधाकट बघून सगळे चकित झाले. साहेबांचा चेहरा तर चक्क पडला. त्यांनी जपूनरावांच्या नावाने दाव्याचा कागद काढून ठेवला होता आणि 'अपघाताचे कारण' याच्यापुढे स्वतःच्या अक्षरात 'शिडी' असं लिहिलं होतं. जपूनरावांनी तो शब्द वाचला आणि कागद उलटा करून ठेवला. असं उगाच लिहू नये, असं त्यांना फार वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण शाळेच्या कचेरीने कळवलं की जखमी धडधाकट असल्याचा डॉक्टरांचा दाखला लागेल.

"जखमी धडधाकट कसा असेल?" जपूनरावांनी कचेरीच्या खिडकीतून विचारलं.

"आधी धडधाकट पाहिजे," आतला कारकून म्हणाला. "नाहीतर मागून काही झालं तर त्यातलं आमच्याकडचं कोणतं आणि तुम्ही घरून आणलेलं कोणतं, हे कसं कळणार?"

हा मुद्दा इतका बिनतोड होता की जपूनरावांना एकदम आपल्या ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. फक्त टेबलाच्या चुकीच्या बाजूला. ते मुकाट्याने डॉक्टरांकडे गेले. साध्याच, तापाखोकल्याच्या. डॉक्टरांनी विचारलं, दाखला कशासाठी? जखमी व्हायला, जपूनराव म्हणाले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, भुवया वर केल्या, थोडं थांबून पुन्हा मोजला.

"यंत्र बघितलं की चढतोय तुमचा. तसे ठणठणीत आहात. भीती तेवढी जास्त आहे."

"ते लिहू नका."

"त्याला जागाच नाही कागदावर," डॉक्टर म्हणाले आणि सही केली.

स्पर्धेच्या दिवशी शाळेचं मैदान पालकांनी भरलं होतं. बायको पुढच्या रांगेत बसली आणि तिच्या शेजारी स्टेशनमास्तर. जपूनरावांना मात्र मैदानात थांबू दिलं नाही. त्यांना पहिल्या मजल्यावरच्या एका वर्गात नेलं. वर्गात शिरताच त्यांनी सवयीने बाहेर पडायच्या वाटा बघितल्या. एक दार, एक भलीमोठी खिडकी. खिडकीचे गज काढून ठेवले होते. का काढले असतील, हे त्यांनी विचारायला हवं होतं. पण तेवढ्यात शिट्टी झाली आणि खार तुकडी त्यांच्यावर तुटून पडली.

पाय बांधला, हात बांधले, जबडा बांधला. गाठ दाढेवरच आली. सराव चांगला झाला होता. स्ट्रेचरवर घेऊन छातीवरून आणि मांड्यांवरून पट्टे आवळले. आता जपूनरावांची फक्त बुबुळं हलत होती. मग पथकाच्या बाई दारात आल्या. ठेंगण्याशा होत्या, पण आवाज असा की मैदानातले कावळे उडाले.

"परिस्थिती ऐका. इमारतीला आग लागली आहे. जिना बंद आहे. बाहेर पडायला खिडकी हा एकच मार्ग आहे. चालू करा."

आणि खिडकीच्या चौकटीत, बाहेरच्या बाजूने, शिडीची दोन टोकं हळूहळू वर आली.

 जपूनरावांनी बिट्टीकडे बघितलं. बिट्टीने त्यांच्याकडे बघितलं नाही. म्हणजे कार्टीला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ऑफिसातल्या साऱ्या शिड्या त्यांच्या डोळ्यांसमोर रांगेने उभ्या राहिल्या : ओल्या शिड्या, किडलेल्या शिड्या, शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या शिड्या. त्यांनी जिवाच्या आकांताने "म्म्म" केलं.

"घाबरू नका, आम्ही आहोत," पाच आवाज म्हणाले.

"जखमी फार छान काम करतो आहे," कोपऱ्यातले परीक्षक आपापसात म्हणाले.

आता नीट सांगायचं तर सगळी व्यवस्था चोख होती. शिडी तिरकी टेकवलेली, तिच्यावरून स्ट्रेचर पायांच्या बाजूने खाली घसरवायचं. दोर वर्गातल्या खांबाला वेढा देऊन चौघींनी धरलेला. दुसरा जादा दोर व्यायामाच्या सरांच्या हातात. खाली गाद्या, गाद्यांशेजारी दोन शिपाई. दुसरा कोणीही असता तर निर्धास्त झाला असता. पण जादा दोर होता तरीही काय काय झालं, याचे कागद जपूनरावांच्या टेबलाच्या खालच्या खणात होते. पाय खिडकीबाहेर गेले, मग पोट गेलं, मग डोकं, आणि वर्गाच्या छताच्या जागी आभाळ आलं. त्यांनी अंग सैल सोडायचा प्रयत्न केला. अंगाने ऐकलं नाही.

दोर सोडायचा कधी आणि थांबायचं कधी, हे नायिकेने ठरवायचं होतं. चौघी आत, त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं. बिट्टीने खिडकीतून वाकून खाली बघायचं आणि शिट्टी द्यायची. दोन शिट्ट्या म्हणजे सोडा, एक म्हणजे धरा. पिर्र पिर्र. स्ट्रेचर हातभर घसरलं. पिर्र. थांबलं. पिर्र पिर्र. पुन्हा घसरलं.  स्टेशनमास्तरांचा आवाज तेवढा ऐकू आला, "डावीकडून मोकळं ठेवा."

पिर्र.

मग शिट्टी वाजलीच नाही.

जपूनराव मधोमध लोंबकळत होते. वर जायची सोय नव्हती, खाली जायची आज्ञा नव्हती. शिडी किंचित करकरली. त्यांनी आभाळावरची नजर काढून डोक्याच्या बाजूला, वर वळवली. खिडकीत बिट्टी उलटी दिसत होती. शिट्टी ओठांत होती, पण गालांत हवा नव्हती. दोन्ही हातांनी चौकट गच्च धरलेली, चेहरा पांढराफटक, आणि डोळे घट्ट मिटलेले. तिने खाली बघितलं होतं.

तो चेहरा जपूनरावांनी बरोबर ओळखला. डॉक्टरच्या पाटीसमोरून रस्ता ओलांडताना दुकानाच्या काचेत तो त्यांना रोज दिसायचा. पोर गॅलरीच्या कठड्याजवळ कधी जायची नाही. आपण 'जपून' म्हणतो म्हणून जात नाही, असं ते कौतुकाने समजत आले होते. आज उलट्या बाजूने बघताना त्यांना कळलं की ती आज्ञाधारक नव्हती, ती भ्यायलेली होती. आणि हे तिला दुसऱ्या कोणी दिलेलं नव्हतं. त्यांना इतकं वाईट वाटलं की क्षणभर ते शिडी विसरले.

"नायिका, पुढची आज्ञा," मैदानात उतरलेल्या बाई खालून म्हणाल्या. बिट्टी हलली नाही. आतून लांबुडी म्हणाली, "बिट्टे, हात भरून येतायत गं." व्यायामाच्या सरांनी जादा दोरावरची पकड घट्ट केली. परीक्षकांनी लिहिणं थांबवून मान वर केली. आता कोणीतरी मोठं माणूस पुढे होणार, पोरीला बाजूला करणार, आणि मग खार संपली. मग तो नळाजवळचा बाक.

बोलायचं नाही हा नियम होता. बोललं की गुण कापणार. जपूनरावांनी आयुष्यात एकही नियम मोडलेला नव्हता, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा ते हिरव्या दिव्याची वाट बघत. त्यांनी हनुवटी पुढे रेटली. गाठ दाढेवर रुतली आणि त्यांना ब्रह्मांड आठवलं. त्यांनी आणखी रेटली. पट्टी हनुवटीवरून सटकली आणि नाकावर जाऊन बसली.

"बिट्टे," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला आणि मैदानाच्या टोकापर्यंत गेला. "बिट्टे, मला फार भीती वाटतेय गं."

मैदानात कोणीतरी हसलं. बायको हसली नाही. ती उठून उभी राहिली.

बिट्टीने डोळे उघडले. जमिनीकडे नाही, फक्त त्यांच्याकडे बघितलं. शिट्टी ओठांतून सुटली आणि दोरीला लटकली.

"किती?" तिने विचारलं.

"खूप. दाताच्या डॉक्टरची वाटते तेवढी."

"तुला त्याची भीती वाटते? तू तर म्हणतोस वेळ नाही."

"वेळ भरपूर आहे," जपूनराव म्हणाले. शेकडो लोकांसमोर, शिडीवर आडवं बांधलेल्या अवस्थेत, नाकावर पट्टी घेऊन हे कबूल करणं म्हणजे अब्रूचे धिंडवडे होते. पण अब्रू सांभाळायला हात मोकळे लागतात, आणि त्यांचे बांधलेले होते.

"मलापण वाटतेय," बिट्टी हळूच म्हणाली.

"वाटू दे," आतून लांबुडी ओरडली. "आम्ही धरलंय. तू खाली बघूच नकोस, नुसती काकांकडे बघ."

बिट्टीने एक लांब श्वास घेतला. बापाच्या तोंडावरची नजर तिने काढली नाही. "घाबरू नकोस, बाबा," ती म्हणाली. "आम्ही आहोत." आणि शिट्टी उचलून दोनदा वाजवली.

मग मात्र ती थांबलीच नाही. खाली गाद्यांना पाठ लागली तेव्हा जपूनरावांचे डोळे वाहत होते. दाढेमुळे, असं त्यांनी बायकोला सांगितलं. तिने ते पदराने पुसले. स्टेशनमास्तर वाकून म्हणाले, "गाडी उशिरा आली, पण आली." त्यांच्या तोंडून निघालेलं हे बहुधा एकमेव कौतुक असावं.

निकालाला बराच वेळ लागला, कारण परीक्षकांमध्ये वाद झाला. जखमी बोलला, म्हणून खारीचे गुण कापले. मध्ये खोळंबा झाला, म्हणून आणखी कापले. मग 'जखमीला धीर दिला का' या ठिकाणी गाडी अडली. वाघांचा जखमी म्हणजे कोणाचा तरी पैलवान मामा होता. तो स्ट्रेचरवर झोपी गेला आणि घोरायला लागला. गरुडांचा काका बांधलेल्या हातानेही खुणा करून त्यांनाच सूचना देत होता. हरणांच्या जखमीला गुदगुल्या होत होत्या, तो अथपासून इतिपर्यंत हसला आणि दोनदा स्ट्रेचरवरून गडगडला. आता जो घाबरलाच नाही त्याला धीर दिला असं म्हणायचं कसं? मुख्य परीक्षकांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की आज या मैदानावर खऱ्या अर्थाने घाबरलेला जखमी एकच होता. तिथले गुण एकट्या खारीला मिळाले, पुरेपूर.

खार तिसरी आली. चारांत तिसरी, म्हणजे शेवटून दुसरी. पण शेवटची नव्हती. पाचही जणींनी असा दंगा केला की पहिल्या आलेल्या वाघांना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. हरणांची तुकडी काही मोडली नाही. त्यांची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या खेपेला कमी गुदगुल्यांचा माणूस आणा, एवढंच बाईंनी त्यांना बजावलं.

पुढच्या आठवड्यात, शाळा सुटल्यावर, जपूनराव दातांच्या डॉक्टरकडे गेले. स्वतःच्या पायांनी गेले, पाटी दिसल्यावर रस्ता ओलांडला नाही. खुर्ची मागे कलली. ट्रेमध्ये चकचकीत हत्यारं ओळीने मांडली होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला टोक होतं. जपूनराव खुर्चीत जरा वर सरकले.

"घाबरताय का?" डॉक्टरांनी सहज विचारलं.

"छे, वेळ..." जपूनरावांनी सुरुवात केली आणि गिळून टाकली. "हो," ते म्हणाले. "फार."

डॉक्टर हात थांबवून त्यांच्याकडे बघत राहिले. मोठ्या माणसाकडून असं उत्तर मिळायची त्यांना सवय नसावी. मग त्यांची नजर दाराकडे गेली. दार किलकिलं झालं होतं आणि फटीत एकाखाली एक असे स्कार्फ दिसत होते.

"या कोण?"

"आमची माणसं आहेत," जपूनराव म्हणाले.

"बरं, बरं. मग आता आ करा. घाबरू..."

"डॉक्टर, ते वाक्य आमचं आहे," फटीतून चष्मिस म्हणाली.

डॉक्टर जरा मागे सरले. दार आणखी थोडं उघडलं. चौघी म्हणाल्या, "घाबरू नका," आणि एक जण म्हणाली, "घाबरू नकोस." पुढचं मात्र पाचही जणी एकदम म्हणाल्या. जपूनरावांनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले आणि तोंड उघडलं.